जिनेवालीचा उजवा गुडघा

दुपारचे दोन वाजले होते. मोजणीबाईंनी कपाटातली बरणी उचलली, पोटाशी धरली आणि तळघराचा जिना उतरायला लागल्या. काम म्हटलं तर अगदी साधं. बरणी मोठ्या मशीनमध्ये ठेवायची, तिची चार चित्रं काढायची आणि बरणी परत कपाटात.

बाईंचं खरं नाव फक्त हजेरीच्या कागदावर उरलं होतं. सतरा वर्षं त्या माणसांच्या गुडघ्यांची चित्रं पडद्यावर घेऊन बसत होत्या. कूर्चा किती झिजली, हाड कुठे खचलं, नवा बसवलेला सांधा किती सरकला, सगळं केसाच्या जाडीपर्यंत मोजायच्या. म्हणून सगळा विभाग त्यांना मोजणीबाई म्हणायचा, आणि तसं म्हटलेलं त्यांना आवडायचंही.

जिन्याच्या तोंडाशी मशीन चालवणारा मशीनमास्तर जेवणाचा डबा घेऊन उभा होता. बरणीकडे बघून तो म्हणाला, "काय बाई, भुताला फिरवून आणताय?"

हा त्याचा रोजचा विनोद. माणसाऐवजी मशीनमध्ये ठेवायच्या अशा परीक्षेच्या वस्तूला त्यांच्या धंद्यात फँटम, म्हणजे भूतच, म्हणतात. बाईंच्या बरणीत घट्ट पारदर्शक जेली होती आणि जेलीत एक धातूचा गुडघा. वर मांडीच्या हाडावर बसणारी टोपी, खाली नडगीवर बसणारी ताटली, दोन्ही प्लॅस्टिकच्या चिमट्यांनी सरळ रेषेत आवळलेल्या. हा गुडघा देहदान केलेल्या कुणाच्या तरी पायातून काढलेला होता. कुणाच्या, ते बाईंनी कधी विचारलं नव्हतं. बरणीवर फक्त एक आकडा होता.

"तुम्ही जेवून या निवांत," बाई म्हणाल्या. "आज शेवटचंच आहे."

ते खरंच होतं. संध्याकाळी पाच वाजता मोठ्या सरांनी बैठक बोलावली होती. बाईंच्या संशोधनाला तीन वर्षं झाली होती आणि हाती धुपाटणंही लागलं नव्हतं. अडचण अशी होती, की चुंबकाच्या मशीनमध्ये धातू गेला की त्याच्याभोवतीचं चित्र फाटतं. पांढरे लोळ उठतात, काळी भोकं पडतात, आणि नेमकं जिथे बघायचं तिथलंच काही दिसत नाही. तो लोळ बाजूला सारायचा उपाय बाई शोधत होत्या. आता मशीनची वेळ हृदयावर काम करणाऱ्यांना द्यायचं सरांनी जवळजवळ ठरवलंच होतं.

पण बाईंच्या मनाला जे लागलं होतं, ते वेगळंच होतं.

त्यांचा थोरला भाऊ, दादा, वीजखात्यात वायरमन होता. एकोणतीस वर्षं खांबांवर चढलेला माणूस. शिडीवरून पडून डाव्या गुडघ्याचा चुरा झाला आणि दोन वर्षांपूर्वी तिथे धातूचा सांधा बसला. तेव्हापासून पाय दुखत होता. हाडांचे डॉक्टर म्हणाले, एक्स-रेच्या फोटोत सगळं उत्तम आहे. शेवटी दादा बहिणीकडे आला. बाईंनी त्याचं चित्र काढलं, लोळाच्या कडेनं दिसलं तेवढं मोजलं आणि सांगितलं, "दादा, मी स्वतः मोजलंय. सगळं जागच्या जागी आहे."

"तू मोजलंस म्हणजे असेलच, चिमे," तो म्हणाला, आणि त्यानंतर त्यानं दुखण्याचं नाव काढलं नाही. कसलीच तक्रार नाही. मागच्या रविवारी वहिनी बाईंना स्वयंपाकघरात गाठून म्हणाल्या, "अकरा हजार व्होल्टला कधी भ्याले नाहीत, आणि आता स्वतःच्या घरच्या जिन्याला भितात. वरच्या खोलीत झोपायलासुद्धा येत नाहीत. विचारलं तर म्हणतात, खाली वारा छान येतो."

हे सगळं डोक्यात घोळवतच बाईंनी बरणी मशीनच्या बोगद्यात ठेवली, जाड दार लोटलं आणि काचेच्या अलीकडे पडद्यासमोर बसल्या.

तळघराला खिडकी नव्हती. वर रखरखीत ऊन असलं तरी खाली एकच पांढरा दिवा आणि मशीन गार ठेवणाऱ्या पंपाचा आवाज. चिर्र... टक. चिर्र... टक. नवीन माणूस त्या आवाजानं पार वेडावून जाई. बाईंना मात्र तो घरच्या घड्याळासारखा झाला होता.

पहिलं चित्र आलं. नेहमीचाच पांढरा लोळ. दुसरं आलं. तेच. तिसरं लावून बाई खुर्चीत मागे टेकल्या, आणि तेवढ्यात त्यांना जिन्यावर काहीतरी ऐकू आलं.

आधी बादलीची कडी वाजली. मग ओलं फडकं दगडावर आपटल्याचा, फिरवल्याचा आवाज. मग एक पाऊल पडलं... आणि त्याच्या मागून दुसरं फरफटत आलं. थोडं थांबून पुन्हा कडी, फडकं, पाऊल, फरफट. कुणीतरी एकेक पायरी पुसत खाली येत होतं.

साफसफाईची ही वेळ नव्हती. बाईंनी उठून जिन्याकडचं दार उघडलं. कुणीही नव्हतं. मात्र वरपासून खालपर्यंत सगळ्या पायऱ्या ओल्या होत्या, आणि शेवटची पायरी त्यांच्या डोळ्यांदेखत ओली होत होती. दगडावरून पाण्याचा एक रुंद पट्टा डावीकडून उजवीकडे सरकत गेला... कडेला पोचला... आणि थांबला. फिनेलचा उग्र वास आला.

बाईंनी दार लावून घेतलं. पण उपयोग नव्हता, कारण वास आता आतल्या बाजूला होता.

त्याच क्षणी पडद्याशेजारचा लाल दिवा लागला आणि घंटी घणघणली.

ही घंटी मशीनमधल्या पेशंटची. आत झोपलेल्या माणसाच्या हातात रबरी फुगा देतात. भीती वाटली, दुखलं, तर तो दाबायचा. पण आज आत पेशंट नव्हता. फुगा भिंतीवरच्या खुंटीला टांगलेला होता. बाईंनी काचेतून पाहिलं. तो एका बाजूनं आत दबलेला होता, मुठीत धरावा तसा, आणि आता सावकाश... सावकाश परत फुगत होता.

त्यांच्या जिवाचं पाणी पाणी झालं. पळावं म्हटलं तर जिना तोच. हात मात्र सतरा वर्षांच्या सवयीनं आपोआप माइकच्या बटणावर गेला आणि तोंडातून रोजचंच वाक्य निघालं.

"हं... बोला. काय होतंय?"

आतून आधी नुसता श्वास ऐकू आला. दमलेल्या बाईमाणसाचा, चार मजले चढून आल्यासारखा. मग अगदी हळू, संकोचून, जणू मोठ्या माणसांचा वेळ आपण फुकट घालवतोय अशा स्वरात शब्द आले.

"सरळ ठेवून... काही दिसायचं नाही हो. वाकवू का...?"

बाईंच्या दुसऱ्या हाताचं बोट मशीन बंद करायच्या बटणावर होतं. दाबलं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं. पण तो स्वर त्यांच्या ओळखीचा होता. बाई ओळखीची नव्हती, आवाजही नव्हता. त्यातली ती गप्प बसायची तयारी ओळखीची होती. दादा असाच बोलला होता. तू मोजलंस म्हणजे असेलच, चिमे.

बाई म्हणाल्या, "वाकवा... सावकाश. जमेल तेवढाच."

"...बरं."

त्यांनी चौथं चित्र सुरू केलं. मशीन ठोकायला लागलं, धड धड धड, आणि त्या ठोक्यांच्या आत कुठेतरी कुणीतरी दात आवळून कण्हत होतं. तीन मिनिटं. आयुष्यात त्यांनी इतकी लांब तीन मिनिटं पाहिली नव्हती. मग ठोके थांबले आणि पडदा वरून खाली भरत आला.

पडद्यावर जेली नव्हती. हाड होतं. मांस होतं, शिरा होत्या, गुडघ्याची वाटी होती. म्हाताऱ्या बाईचा उजवा गुडघा, आणि तो वाकलेला होता. हातभर रुंदीच्याही नसलेल्या त्या बरणीत, चिमट्यांत घट्ट आवळलेला सांधा वाकलेला! पण बाई पाहत होत्या ते भलतंच. तो पांढरा लोळ, तीन वर्षं त्यांच्या डोळ्यांत धूळ फेकणारा लोळ, पडदा बाजूला सारावा तसा एका अंगाला झुकला होता. आणि ताटलीच्या बरोबर खाली, हाडाच्या कडेनं, नखानं ओरखडा काढावा तशी एक पांढरी रेघ लख्ख दिसत होती.

ताटली हाडापासून सुटलेली होती.

दुसरं कुणी असतं तर आरोळी ठोकून पळालं असतं. मोजणीबाईंनी मोजलं. रेघ टोकापासून टोकापर्यंत मोजली. सर्वांत रुंद जागी पावणेदोन मिलिमीटर. मग गुडघ्याचा कोन मोजला. एकतीस अंश. कागद सापडेना, म्हणून दोन्ही आकडे तळहातावर लिहिले. लिहून मान वर केली, तेव्हा पडद्यावर फक्त जेली होती आणि तिच्यात सरळसोट धातू. जिन्यावर कडी वाजत वाजत वर जात होती. वास विरत होता.

मग बाईंच्या डोक्यात लख्खकन प्रकाश पडला. चुंबकाची दिशा ठरलेली असते. ताटली त्या दिशेला आडवी आली की लोळ थेट हाडावर पडतो. तिरकी केली की तो बाजूला झुकतो. आणि सगळं जग गुडघ्याचं चित्र पाय सरळ ठेवून काढत होतं!

त्या तशाच वर धावल्या. देहदानाची नोंदवही ज्यांच्याकडे असायची त्या मोठ्या सिस्टर पहिल्या मजल्यावर बसत. बाईंनी बरणीवरचा आकडा सांगितला.

"ही होय? अगं, ही आपलीच जिनेवाली," सिस्टर म्हणाल्या. "तुझ्या आधीची. तेहतीस वर्षं या इमारतीचे जिने पुसले तिनं. सांधा आपल्याकडेच बसवला होता, आणि बसवल्यापासून रडायची, दुखतंय म्हणून. नऊ वेळा फोटो काढले. दर वेळी उत्तम. शेवटी शेवटी सगळे हसायचे तिला. काम टाळायची नाटकं, म्हणायचे." सिस्टरांनी नोंदवहीचं पान उलटलं. "मीही म्हटलं असेन."

"ती काय म्हणायची, सिस्टर?"

"काय म्हणणार? वाकवल्यावर दुखतं, आणि हे लोक फोटो काढतात सरळ पायाचा. अडाणी बाईचं बोलणं, कोण मनावर घेणार."

नोंदवहीच्या खिशात एक पाकीट होतं, अठरा वर्षं न उघडलेलं. बाईंनी ते उघडलं. आत वहीचं एक पान, त्यावर मोठ्या मोठ्या अक्षरांत दोनच ओळी. 'माझा उजवा गुडघा उघडून बघा. मी खोटं बोलत नव्हते.'

सिस्टरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसल्या. बाईंनी फोन उचलला.

"दादा, असशील तसा निघ. गाडी करून ये."

"अगं, पण झालंय काय?"

"मी चुकले होते. ये तू."

दादाचा आवाज आला, किंचित चिरकलेला. "येतो."

साडेतीनला दादा मशीनमध्ये आडवा झाला. मशीनमास्तर जेवून परत आला होता. बाईंच्या चेहऱ्याकडे बघून त्यानं एकही विनोद केला नाही. बाईंनी फोमच्या तुकड्यांची उतरंड करून दादाच्या गुडघ्याखाली सारली, कोन मोजला, पुन्हा मोजला. बरोबर एकतीस. धड धड धड झालं, पडदा भरत आला, आणि मशीनमास्तर खुर्चीतून अर्धा उठला.

"बाई... ही रेघ..."

"दोन मिलिमीटर," बाई म्हणाल्या, आणि सतरा वर्षांत पहिल्यांदा पडद्यासमोर हुंदका देऊन रडल्या.

पाचच्या बैठकीत हाडांचे डॉक्टर आधी नकारार्थी मान हलवत होते. मशीनचा दोष असेल, असं एकदा म्हणाले. बाईंनी सरळ पायाचं आणि वाकलेल्या पायाचं, अशी दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. डॉक्टर उठले, पडद्याजवळ गेले, नाक टेकेल इतके जवळ. बराच वेळ पाहून त्यांनी विचारलं, "हा पेशंट कोण?"

"माझा भाऊ. तुम्हीच त्याला सांगितलंत, की फोटोत सगळं उत्तम आहे. आणि मीही तेच सांगितलं."

डॉक्टरांचे कान लाल झाले. पण माणूस सच्चा होता. "उद्या सकाळी घेतो त्यांना," ते म्हणाले. "मी स्वतः."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गुडघा उघडला. एरवी छिन्नी-हातोडीशिवाय न निघणारी ताटली दोन बोटांनी उचलून हातात आली, बशीवरचं झाकण उचलावं तशी. त्यांनी ती उजेडात धरली, आणि काचेपलीकडे उभ्या असलेल्या बाईंकडे बघून मान खाली घातली.

सात आठवड्यांनी वहिनींचा सकाळी सकाळी फोन आला. त्या हसत होत्या की रडत होत्या, कळत नव्हतं. "चिमे, तुझे दादा काल रात्री वर झोपायला आले. आणि आता छपरावर चढलेत, कौलं नीट करायला. खाली उतरा म्हटलं तर ऐकत नाहीत. तूच सांग आता!"

मागून दादा ओरडला, "तिला म्हणावं, इथून तिचं हॉस्पिटल दिसतं!"

मग बाईंनी मोर्चा वळवला तो जुन्या फायलींकडे. दुखतंय म्हणणारे आणि फोटोत काही न सापडलेले एकोणीस लोक त्यांनी शोधून काढले. निवृत्त पोस्टमन, नाच शिकवणारी एक बाई, एक ट्रकचालक, आणि घरच्यांनी हट्टी ठरवलेली एक आजी. एकेकाला बोलावलं, एकतीस अंशांत झोपवलं. अकरा जणांच्या गुडघ्यात रेघ सापडली. चित्र दाखवल्यावर आजी सुनेकडे वळून म्हणाली, "बघ! आता कोण हट्टी?" आणि इतकी हसली, की मशीनमास्तरला तिला धरून बसवावं लागलं.

संशोधन बंद झालं नाही. उलट लांबलांबची माणसं बाईंकडे शिकायला यायला लागली. मोठ्या सरांनी या पद्धतीला बाईंचं नाव द्यायचं ठरवलं तेव्हा बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नाव जिनेवालीचं द्या." आणि तेच दिलं गेलं. त्या दिवशी बाई एकट्याच मोठ्या सिस्टरांकडे गेल्या, नोंदवही मागून घेतली, आणि त्या दोन ओळींच्या खाली आपल्या बारीक अक्षरात लिहिलं, 'उघडून पाहिला. सैल होता. तुमचंच बरोबर होतं.'

जिन्यावर पुन्हा कधी कडी वाजली नाही. एका कष्टाळू जिवाला विश्रांती मिळाली असं बाईंना वाटलं, आणि त्यांचा ऊर अभिमानानं भरून आला.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण दीड वर्षानं समुद्रापलीकडच्या एका हॉस्पिटलातून पत्र आलं. तिथल्या डॉक्टरीणबाई लिहीत होत्या, की तुमची पद्धत आम्ही सुरू केली, चौदा पेशंट झाले, सहा जणांचं दुखणं सापडलं, तुमचे उपकार मानावेत तेवढे थोडे. खाली एक बारीकशी शंका होती. 'आमच्या सगळ्या चित्रांत गुडघ्याच्या मागच्या बाजूला एक फिकट आकार येतो. पाय वाकवून धरायला तुम्ही जो आधार वापरता, त्याचा तो ठसा असावा असं आमचे लोक म्हणतात. पण आम्ही तर फक्त उशी ठेवतो. सोबत चित्र पाठवत आहे.'

बाईंनी चित्र पडद्यावर घेतलं. मोठं केलं. आकार फिकट होता, पण ओळखू येत होता. खालून गुडघा अलगद तोलून धरलेले दोन हात. बाईंना पहिल्यांदा बरंच वाटलं. म्हणजे जिनेवाली बाईसाहेब अजून कामावर आहेत तर, असं मनाशी म्हणत त्या हसल्यासुद्धा.

मग सवयीनं त्यांनी बोटं मोजली. बोटं दहाच होती. अंगठे कुठल्या बाजूला आहेत ते पाहिलं, आणि त्यांचं हसू ओठांवरच थिजलं. चित्र उलट लागलंय का, ते त्यांनी दोनदा तपासलं. चित्र बरोबर होतं. ते हात एका माणसाचे असूच शकत नव्हते.

दोन्ही हात डावे होते.